नोकरी सांभाळून लष्करी सेवा : प्रादेशिक सेनेतील ‘अर्धवेळ’ या शब्दाचा अर्थ

नवी दिल्ली : वर्षातील बहुतांश काळ आपापल्या नोकरी-व्यवसायात राहायचे, ठरावीक काळ लष्करी प्रशिक्षण घ्यायचे आणि देशाला गरज भासली तर गणवेश चढवून नियमित लष्कराच्या बरोबरीने उभे राहायचे, या तत्त्वावर भारताची प्रादेशिक सेना उभी आहे. इच्छुकांना तिचे आकर्षण असते ते याच ‘अर्धवेळ’ स्वरूपामुळे. मात्र या शब्दाचा नेमका कायदेशीर अर्थ काय, नोकरीला संरक्षण कोठपर्यंत मिळते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क केव्हा निर्माण होतो, याविषयी बरेच गैरसमज आढळतात. त्या अनुषंगाने प्रादेशिक सेनेची रचना, सेवाशर्ती आणि त्यातील मर्यादा यांचा हा आढावा.

स्थापना आणि पार्श्वभूमी

नागरिकांमधून अर्धवेळ सैनिक तयार करण्याची पद्धत भारतात ब्रिटिश राजवटीत सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्सची उभारणी झाली. त्यानंतर १९२० च्या कायद्याने इंडियन टेरिटोरियल फोर्स अस्तित्वात आली. त्या वेळी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलिअरी फोर्स हे स्वतंत्र दल होते आणि भारतीयांसाठी टेरिटोरियल फोर्स. अर्धवेळ सेवेतही वंशभेद कायम होता.

स्वातंत्र्यानंतर प्रादेशिक सेना कायदा, १९४८ संमत झाला. तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ९ ऑक्टोबर १९४९ रोजी या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. हा दिवस दरवर्षी प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे बोधवाक्य आहे.

नियमित लष्कराला स्थिर स्वरूपाच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे करणे, नैसर्गिक आपत्तीत आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यात नागरी प्रशासनाला साहाय्य करणे आणि आवश्यकता भासल्यास नियमित लष्कराला तुकड्या पुरवणे, ही तिची विहित कार्ये आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी भाग घेतला. श्रीलंकेतील ‘ऑपरेशन पवन’मध्येही त्यांचा सहभाग होता.

राष्ट्रीय छात्र सेना आणि गृहरक्षक दल यांच्याशी प्रादेशिक सेनेची अनेकदा गल्लत केली जाते. छात्र सेना विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यातील छात्रांवर लष्करी सेवेचे बंधन नसते. गृहरक्षक दल राज्य सरकारांच्या अखत्यारीत येते. प्रादेशिक सेना मात्र लष्कराचाच भाग आहे आणि प्रत्यक्ष सेवेत असताना तिच्या सदस्यांना लष्करी कायदा, १९५० लागू होतो.

दोन प्रकारच्या तुकड्या

नोकरी आणि लष्करी सेवा यांचा मेळ कसा बसतो, हे प्रामुख्याने तुकडीच्या प्रकारावर अवलंबून असते.

पहिला प्रकार विभागीय तुकड्यांचा. रेल्वे, इंडियन ऑइल, ओएनजीसी यांसारख्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांमधूनच या तुकड्या उभ्या केल्या जातात. युद्ध किंवा आणीबाणीच्या प्रसंगी रेल्वेगाड्या धावत राहाव्यात, तेलाचा पुरवठा खंडित होऊ नये, हा त्यांचा उद्देश. येथे कर्मचाऱ्याचे नागरी कौशल्य हेच त्याचे लष्करी काम ठरते आणि सेवेत पाठवणारी आस्थापनाही स्वतः या व्यवस्थेची भागीदार असते. त्यामुळे दोन जबाबदाऱ्यांतील ओढाताण तुलनेने कमी राहते.

दुसरा प्रकार विभागेतर तुकड्यांचा. यात प्रामुख्याने पायदळाच्या बटालियन येतात आणि त्या नियमित लष्कराच्या रेजिमेंटशी संलग्न असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न असलेली १०१ वी बटालियन पुण्यात, तर १०९ वी बटालियन कोल्हापुरात आहे. जम्मू-काश्मीरमध्ये स्थानिक तरुणांना त्यांच्याच प्रदेशात सेवा देता यावी, यासाठी ‘होम अँड हार्थ’ बटालियन उभारण्यात आल्या आहेत.

पर्यावरण बटालियन हाही याच प्रकाराचा भाग. मसुरीच्या परिसरातील उजाड झालेल्या डोंगरांवर वनीकरण करण्यासाठी १९८२ मध्ये गढवाल रायफल्सशी संलग्न पहिली पर्यावरण बटालियन स्थापन झाली. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पर्यावरण बटालियन कार्यरत आहे. या बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिकांची भरती होते आणि त्यांचा खर्च केंद्रीय पर्यावरण मंत्रालय किंवा संबंधित राज्य सरकार उचलते.

पात्रता : नोकरी हीच पहिली अट

प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्यासाठी अर्जदाराचे वय १८ ते ४२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते, तो पदवीधर असावा लागतो आणि शारीरिक व वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असावा लागतो. याखेरीज त्याच्याकडे उत्पन्नाचे नियमित साधन असणे बंधनकारक आहे. इतर सैन्यभरतीत बेरोजगार तरुण रोजगाराच्या अपेक्षेने येतो. येथे रोजगार असलेल्यालाच प्रवेश आहे. प्रादेशिक सेना हा उपजीविकेचा मार्ग नाही, ही भूमिका या अटीमागे आहे. नियमित लष्कर, पोलीस किंवा निमलष्करी दलात कार्यरत असलेल्यांना अर्ज करता येत नाही.

लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत मंडळ, सेवा निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी असे निवडीचे टप्पे आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील उमेदवारांसाठी पुणे येथील दक्षिण विभाग गट मुख्यालय हे संबंधित कार्यालय आहे. नोकरदाराला आपल्या कार्यालयाचे सेवा प्रमाणपत्र व ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. स्वयंरोजगार असलेल्याला व्यवसायाचे स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न नमूद करणारे प्रतिज्ञापत्र सादर करावे लागते. जवानांची भरती बटालियनच्या भरती मेळाव्यांतून होते.

महिलांचा प्रवेश दीर्घकाळ अडलेला होता. ओएनजीसीच्या अभियंता रेजिमेंटमध्ये २०१६ मध्ये प्रथमच एका महिला अधिकाऱ्याची नियुक्ती झाली. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९४८ च्या कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दप्रयोगात स्त्री आणि पुरुष दोघांचाही समावेश होतो, असा निर्वाळा दिला.

क्रिकेटपटू कपिल देव व महेंद्रसिंह धोनी, अभिनेते मोहनलाल, नेमबाज अभिनव बिंद्रा आणि भालाफेकपटू नीरज चोप्रा यांना प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नल हे मानद पद देण्यात आले आहे. मानद पद आणि रीतसर निवड यांत फरक आहे. सचिन पायलट यांनी २०१२ मध्ये केंद्रीय मंत्री असताना, तर अनुराग ठाकूर यांनी २०१६ मध्ये खासदार असताना निवड प्रक्रिया पूर्ण करून लेफ्टनंट पदावर कमिशन मिळवले.

वर्षाचे गणित

विभागेतर तुकडीतील अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. याशिवाय पहिल्या वर्षासह दरवर्षी दोन महिन्यांचे वार्षिक शिबिर असते. कमिशन मिळाल्यानंतर पहिल्या दोन वर्षांत डेहराडून येथील इंडियन मिलिटरी अकादमीत तीन महिन्यांचे प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. याचाच अर्थ, पहिल्या दोन वर्षांत मिळून सुमारे आठ महिने नागरी कामापासून दूर राहावे लागते.

नोकरदाराच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथेच आहे. कामगार कायद्यांनुसार भरपगारी रजा साधारणपणे दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या प्रमाणात मिळते. वर्षात तीनशे दिवस काम करणाऱ्याच्या खात्यात अशी पंधरा दिवस रजा जमा होते. दोन महिन्यांचे शिबिर तिच्या चौपट आहे. त्यामुळे वैयक्तिक रजेच्या जोरावर ही सेवा निभावणे शक्य नसते. मालकाची संमती आणि रजेची स्वतंत्र व्यवस्था तिच्यासाठी अपरिहार्य ठरते.

प्रशिक्षणाच्या आणि प्रत्यक्ष सेवेच्या काळात नियमित लष्करातील समकक्ष पदाप्रमाणे वेतन व भत्ते मिळतात. त्या काळात नागरी नोकरीतील वेतनही चालू राहील का, हे त्या त्या आस्थापनेच्या नियमांवर ठरते. लष्करी वेतन नागरी वेतनापेक्षा कमी असेल, तर फरकाचा भार सैनिकावर पडू शकतो.

नोकरीला मिळणारे संरक्षण

कायद्यात ‘एम्बॉडिमेंट’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. सैनिकाला रीतसर आदेशाने प्रत्यक्ष सेवेत घेतले जाते, तो काळ म्हणजे एम्बॉडिमेंट. नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी पाचारण केले असता, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित लष्कराला पूरक म्हणून प्रत्यक्ष सेवेत घेतले असता, अथवा नियमित दलाशी संलग्न केले असता लष्करी सेवा करणे कलम ७ अन्वये बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या आदेशाखेरीज भारताबाहेर सेवा करण्याची सक्ती मात्र करता येत नाही.

अशा सेवेसाठी नोकरी सोडून जाणाऱ्याला कलम ७-अ संरक्षण देते. सेवा संपल्यानंतर त्याला पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सेवेमुळे खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी अनुकूल नसलेल्या अटींवर त्याला कामावर घ्यावे लागते. दीर्घ सेवेनंतर परतलेल्याला केवळ जुने टेबल परत देणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

मालकाने नकार दिला किंवा पुन्हा कामावर घेणे अव्यवहार्य असल्याचे सांगितले, तर प्रकरण विहित प्राधिकाऱ्याकडे नेता येते. प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, योग्य वाटतील त्या अटींवर पुन्हा नोकरी देण्याचा आदेश देऊ शकतो किंवा कमाल सहा महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई देण्यास सांगू शकतो. आगामी सेवेची चाहूल लागताच जबाबदारी टाळण्याच्या हेतूने मालकाने आधीच कामावरून काढले, तरी हे कर्तव्य त्याला चुकत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि सेवानिवृत्तीसंबंधीच्या अन्य योजनांतील हक्क कलम ७-ब अन्वये अबाधित राहतात.

संरक्षणाच्या मर्यादा

कागदावर भक्कम वाटणाऱ्या या तरतुदींना तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा शिक्षेची. प्राधिकाऱ्याचा आदेश न पाळणाऱ्या मालकाला कायद्यात एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. आजच्या मोठ्या आस्थापनेला ही रक्कम जाणवणारही नाही. भरपाईची सहा महिन्यांची मर्यादाही अनेक वर्षांची नोकरी गमावणाऱ्याच्या नुकसानीपुढे तोकडी ठरते.

दुसरी मर्यादा संधीची. कायदा नोकरीचे रक्षण करतो, पण नोकरीतील प्रगतीचे रक्षण करणे त्याला अवघड जाते. महत्त्वाचा प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला जाणे, वार्षिक मूल्यमापनाच्या काळात अनुपस्थित असणे, ग्राहकांशी संपर्क तुटणे, अशा गोष्टींचा पुरावा देता येत नाही आणि त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. सुरुवातीला ना हरकत प्रमाणपत्र देणारा वरिष्ठ अधिकारी बदलला, की नव्या वरिष्ठाला सर्व काही पुन्हा समजावून सांगण्याची वेळ येते.

तिसरी मर्यादा स्वयंरोजगाराची. वकील, डॉक्टर, शेतकरी, दुकानदार यांना मालक नसतो. पुन्हा कामावर घेण्याचे कर्तव्य कोणावरच येत नाही. दोन महिने दवाखाना बंद राहिला, तर रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. शिबिर ऐन पेरणीत आले, तर शेत कोणी पाहायचे हा प्रश्न घरातच सोडवावा लागतो. प्रादेशिक सेना त्यांचे स्वागत करते, पण त्यांच्या व्यवसायासाठी कायद्यात आधार नाही.

या बाबतीत परदेशांतील व्यवस्था वेगळ्या आहेत. अमेरिकेत नॅशनल गार्डचे नेहमीचे प्रशिक्षण महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे असे विभागलेले असते. तेथील १९९४ च्या कायद्यानुसार एकाच मालकाकडील नोकरीतून सर्वसाधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी अनुपस्थितीनंतरही परतण्याचा हक्क राहतो. नेमणूक आणि बढतीत भेदभाव करण्यासही मनाई आहे. ब्रिटनमध्ये राखीव सैनिकाला पाचारण केल्यास त्याच्या जागी दुसरा माणूस नेमण्याच्या खर्चापोटी मालकाला सरकारकडे ठरावीक मर्यादेत आर्थिक साहाय्य मागता येते. भारतातील कायद्याचा भर मालकाच्या कर्तव्यावर आहे. त्याच्या अडचणीची भरपाई करण्याचा विचार त्यात दिसत नाही.

निवृत्तिवेतन : सर्वांत मोठा गैरसमज

प्रादेशिक सेनेतील अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची, तर जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांना १५ वर्षांची पात्र सेवा आवश्यक असते. मात्र ही वर्षे भरतीच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. प्रत्यक्ष सेवेत घालवलेला काळच त्यात धरला जातो.

दरवर्षी केवळ दोन महिन्यांच्या शिबिराला हजर राहणाऱ्या अधिकाऱ्याची ३० वर्षांत जेमतेम ५ वर्षांची प्रत्यक्ष सेवा भरते. याच गतीने २० वर्षे पूर्ण करायला १२० वर्षे लागतील. म्हणजेच खऱ्या अर्थाने अर्धवेळ राहणाऱ्याला लष्करी निवृत्तिवेतन मिळणे शक्य नाही. ते मिळते वर्षानुवर्षे प्रत्यक्ष सेवेत असणाऱ्यांना आणि अशांची नागरी नोकरी बहुधा नावापुरतीच उरते. पदोन्नतीचेही असेच आहे. लेफ्टनंट कर्नल पदापर्यंतची बढती विहित निकष पूर्ण केल्यास कालबद्ध पद्धतीने मिळते. त्यापुढील कर्नल आणि ब्रिगेडियर ही पदे निवडीने भरली जातात.

अपंगत्वासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. कुमाऊँ रेजिमेंटशी संलग्न पर्यावरण बटालियनमधील एका जवानाला रजेवर असताना झालेल्या अपघातात ८० टक्के अपंगत्व आले होते. त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारणारा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आदेश न्यायालयाने रद्द केला. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण दलातील जवान नियमित लष्करातील जवानांप्रमाणेच या लाभास पात्र आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

पाचारण केव्हाही

‘अर्धवेळ’ हे शांततेच्या काळातील स्वरूप आहे, ती हमी नाही. याची ताजी प्रचीती मे २०२५ मध्ये आली. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या पार्श्वभूमीवर संरक्षण मंत्रालयाने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ अन्वये लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकारी आणि जवानाला पाचारण करण्याचे अधिकार दिले. विद्यमान ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन देशभरातील विविध लष्करी विभागांत तैनात करण्यास त्याद्वारे मंजुरी देण्यात आली. या आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. पायदळाच्या अनेक बटालियन त्यापूर्वीपासूनच काश्मीर आणि ईशान्य भारतात दीर्घकाळ प्रत्यक्ष सेवेत राहत आल्या आहेत.

या सेवेतील जोखीमही अर्धवट नसते. १६२ व्या प्रादेशिक सेना बटालियनचे लान्स नायक नझीर अहमद वानी यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियान जिल्ह्यातील चकमकीत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र प्रदान करण्यात आले. मणिपूरमधील तुपुल येथे ३० जून २०२२ रोजी रेल्वेमार्गाच्या बांधकामाच्या रक्षणासाठी असलेल्या १०७ व्या बटालियनच्या तळावर दरड कोसळली आणि तीत अनेक जवानांचा मृत्यू झाला. केरळमधील वायनाड येथे २०२४ मध्ये झालेल्या भूस्खलनानंतर मदतकार्यासाठी १२२ वी बटालियन तैनात होती.

अर्ज करण्यापूर्वी

या सर्व तरतुदींचा विचार करता इच्छुकांनी काही बाबी आधीच निश्चित करून घेणे हिताचे ठरते. ना हरकत प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मानू नये. प्रशिक्षणाच्या काळातील रजा कोणत्या प्रकारची धरली जाईल, वेतन आणि वेतनवाढ चालू राहील का, ज्येष्ठता कायम राहील का आणि गटविमा लागू राहील का, याची उत्तरे आस्थापनेकडून लेखी स्वरूपात घ्यावीत. पाचारणाचा आदेश आल्यास त्याची प्रत कार्यालयाला तत्काळ देऊन पोच घ्यावी. सेवा संपल्यावर विलंब न करता कामावर हजर होण्याची लेखी सूचना द्यावी. वाद उद्भवल्यास हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

गृहकर्जाचे हप्ते, आयुर्विम्यातील लष्करी सेवेसंबंधीच्या अटी आणि घरातील वृद्धांची व मुलांची व्यवस्था यांचा विचार दोन महिन्यांच्या हिशेबाने न करता एक-दोन वर्षांच्या अनुपस्थितीच्या हिशेबाने करणे शहाणपणाचे. सेवेचा निर्णय सैनिक एकटा घेतो, पण त्याच्या अनुपस्थितीचा भार कार्यालयातील सहकारी आणि घरातील माणसे वाटून घेत असतात.

प्रादेशिक सेनेत येणारा नागरिक आपली वर्षातली केवळ दोन महिन्यांची सुट्टी देशाला देत नाही. उरलेल्या दहा महिन्यांतही केव्हाही बोलावणे येऊ शकते, ही जबाबदारी तो स्वीकारत असतो. कायद्याने दिलेले ‘अर्धवेळ’ हे नाव त्याच्या प्रशिक्षणाचा कालावधी सांगते. त्याच्या बांधिलकीला मात्र अशी मुदत नसते.